सम खाटा, विषम खाटा

चेन्नईहून परतलेल्या माणसाला आमच्या सांगलीत दोन प्रश्न विचारतात: उकाडा किती होता आणि साडी कोणती आणली. उकाडा आपल्यासारखाच होता, फक्त तिथे तो घामासकट येतो. साडी आणली नाही. आणलं ते अर्धा किलो मेतकूट आणि फोनमध्ये एका तक्त्याचा फोटो. मेतकूट संपत आलं आहे. तक्ता अजून पुरतो आहे, म्हणून हे लिहायला बसले.

मी नर्सिंग कॉलेजात संशोधन पद्धती हा विषय शिकवते. बावीस वर्षं झाली. ज्यांना या विषयाची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एम.एस्सी. नर्सिंग करणाऱ्या प्रत्येक मुलीला एक प्रबंध लिहावा लागतो आणि त्याचं नाव बहुधा ‘अमुक विषयावरील नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता’ असं असतं. काही माणसं गोळा करायची, त्यांना प्रश्न विचारायचे, मग उत्तरं शिकवायची, मग तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. माणसांना आता उत्तरं येतात असं आढळतं. हा कार्यक्रम नापास झालेला मी अजून पाहिलेला नाही. माझा स्वतःचा प्रबंधही याच घराण्यातला. त्यात दोन गट होते, एक शिकवलेला आणि एक न शिकवलेला, म्हणून तो जरा खानदानी मानला गेला. लाल रेक्झिनमध्ये बांधलेला, सोनेरी अक्षरांचा तो प्रबंध आमच्या ग्रंथालयात आहे. परीक्षकांनी ‘दोन गटांतील फरक अत्यंत स्वच्छ’ असा शेरा दिला होता.

तर चेन्नईच्या एका नर्सिंग कॉलेजने चार दिवसांच्या कार्यशाळेला मला बोलावलं. विषय: अभ्यासाची आखणी.

सोमवार, अण्णा नगर

कॉलेज अण्णा नगरात, एका रुग्णालयाला लागून. रस्ते सरळ, झाडं मोठी, आणि प्रत्येक तिसऱ्या इमारतीवर कुठल्या तरी अवयवाचं चित्र. पाहुण्यांच्या खोलीबाहेर सकाळी सहाला एका बाईंनी कोलम काढला. आपल्याकडे रांगोळी सणाला निघते. इथे ती रोज निघते आणि नऊपर्यंत पायांनी पुसली जाते, त्याबद्दल कोणाला काही वाटत नाही. त्यानंतर तूप निथळणारं पोंगल आणि कॉफी आली. इथल्या कॉफीसाठी पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात ओतण्याची कसरत करावी लागते. मी ती पहिल्या दिवशी साडीवर केली.

उद्घाटन दहाला होतं. दारात गुलाबपाणी, चंदन, खडीसाखर. आत व्यासपीठाच्या मागे प्रचंड फलक, त्यावर माझा चौदा वर्षांपूर्वीचा फोटो, त्यामुळे मी स्वतःची थोरली बहीण म्हणून आत गेले. कार्यशाळेचं पूर्ण नाव ‘पुराव्यावर आधारित शुश्रूषेच्या दिशेने एक युगप्रवर्तक पाऊल’. पाच मान्यवर, समईच्या पाच वाती. वातानुकूलन यंत्र नेमकं समईवर रोखलेलं, त्यामुळे चौथी वात लागली की दुसरी विझायची. हा प्रयोग बराच वेळ चालला. मग शाली आल्या. मला मिळालेली शाल भगव्या-सोनेरी काठाची, भरगच्च, चेन्नईच्या हवेत पांघरण्याचा प्रश्नच नव्हता. मी ती पिशवीत कोंबली. मग भाषणं झाली. अभ्यासाच्या आखणीसाठी ठेवलेल्या तीन तासांपैकी चाळीस मिनिटं उरली.

या सगळ्याच्या केंद्रस्थानी प्राचार्याबाई होत्या. उंच, पांढरे केस घट्ट बांधलेले, आवाज माईकची गरज नसलेला. त्यांनी माझी ओळख करून देताना ‘प्रकांड’ या अर्थाचा इंग्रजी शब्द दोनदा वापरला. मी त्यांना मनातल्या मनात एका खणात टाकून खण बंद केला. असे खण माझ्याकडे बरेच आहेत.

मंगळवार, केळीचं पान

दुपारी भोजनालयात पानावर जेवण होतं. वांगी घातलेलं सांबार झकास होतं, पण तिखट लागलं म्हणून मी वाढप्याकडे दही मागितलं. त्याने माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं, दही-भात वाढला आणि तो पुढे गेला. मग रस्सम आलं आणि माझं पान वगळून गेलं. पायसम आलं, तेही गेलं. पापडही. मी हात वर केला, तर वाढपी नम्रपणे हसून पुढे सरकला.

शेजारच्या बाई कुजबुजल्या, “तुम्ही दही घेतलंत दाने, अक्का. दही म्हटलं की जेवण संपलं. आता तो तुमचं पान बघायचा नाही.”

ती मराठी होती! स्वर तमिळ, पण शब्द मराठी. मी वळून पाहिलं. चाळिशीची, सावळी, कपाळावर छोटं कुंकू, कार्यशाळेचा बिल्ला: गोमती बाई. तंजावरकडची मराठी माणसं, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात. ‘दाने’ हे त्यांचं शेपूट. ते ‘नाही का’ म्हणून कुठेही लागतं. ती ‘विचारलं’ म्हणत नाही, ‘पुसलं’ म्हणते, आणि ‘ठीक’च्या जागी ‘सरी’.

“मग आता?” मी विचारलं.

“आता उद्या,” ती म्हणाली, आणि स्वतःच्या पानावरचा पापड माझ्या पानावर ठेवला.

दुपारच्या सत्रात मी नेहमीची तंबी दिली: ज्यांना शिकवायचं तो गट आणि ज्यांना शिकवायचं नाही तो गट एकाच वॉर्डात ठेवू नका. बातमी पाझरते. गट वेगळ्या वॉर्डांत हवेत, मध्ये भिंत हवी.

गोमतीने हात वर केला. “मॅडम, भिंत असली तरी खाली चहाची टपरी एकच असते.”

वर्ग हसला. मी म्हणाले, “मग वेगळं रुग्णालय घ्या.” पुन्हा हसले. गोमती हसली नाही. तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

सत्र संपल्यावर ती दारात थांबली होती. “अक्का, संध्याकाळी घरी याल? वेस्ट मांबलम. आईला मराठी बोलणारं माणूस मिळालं तर सोडवत नाही. आणि मला एक पुसायचं आहे. इथे नको.”

मंगळवार संध्याकाळ, वेस्ट मांबलम

मेट्रोने अशोक नगर आणि तिथून रिक्षा. गल्ल्या अरुंद, जुन्या छोट्या इमारती, खाली फुलवाली, भाजीवाला, कॉफीची पूड दळून देणारं दुकान. त्या वासात सबंध गल्ली जागी असते. गोमतीचं घर पहिल्या मजल्यावर. आई ऐंशीच्या आसपास, नऊवारी नाही, पण नेसण तशीच घट्ट.

“कुठल्या गावच्या?” त्यांनी बसायच्या आधी विचारलं.

“सांगली.”

“तंजावरापासून लांब?”

“बरंच.”

“मग इतकं बरं कसं बोलता मराठी?”

मी बसले.

पानात मेतकूट होतं. चेन्नईत, कालवलेल्या दह्यात, वर मोहरीची फोडणी. आपण ते मऊ भातावर घेतो आणि आजारी माणसाला देतो, इथे ते पचडी होऊन ऐटीत बसलं होतं. शिवाय पुरणाच्या कटाचं सार होतं, आपल्या आमटीचं सख्खं भावंड, पण गूळ विसरलेलं. मी स्तुती केली तशा आई म्हणाल्या, “अर्ध्या गल्लीत करतात आता मेतकूट. समोरच्या तमिळ मामी शिकल्या, त्यांनी सुनेला शिकवलं, सुनेने ऑफिसात. परवा कोण ती, मलाच सांगत होती कसं करायचं ते!”

“आणि तू ऐकून घेतलंस,” गोमती म्हणाली.

“चण्याची डाळ कमी घालते ती. सांगितलं मग. तू वाच तुझं पुस्तक. त्रेचाळीस वर्षांची घोडी, परीक्षेला बसते.”

परीक्षा हाच विषय होता. गोमती वीस वर्षं मेडिकल वॉर्डात नर्स. दोन वर्षांची रजा घेऊन एम.एस्सी. करत होती. प्रबंध शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दाखल करायचा होता. तो चुकला तर परीक्षा एक वर्ष पुढे, आणि रुग्णालय दुसऱ्यांदा रजा देणार नव्हतं. म्हणजे शुक्रवार चुकला तर पदवी गेली, आणि शिकवण्याची नोकरीही, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं.

तिचा अभ्यास साधा होता. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवलं नाही, तर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. वॉर्डात नर्सा कमी, म्हणून हे काम खाटेशेजारी बसणाऱ्या नातेवाइकांवर येतं. गोमतीने विषम आकड्यांच्या खाटांजवळच्या नातेवाइकांना वळवायला, कातडी तपासायला, टाचांखाली घडी ठेवायला शिकवलं. सम आकड्यांच्या खाटांना नेहमीचीच शुश्रूषा. सातव्या दिवशी दोन्हींची तुलना, आणि तुलनेनंतर सम खाटांनाही शिकवायचं, असं प्रस्तावात होतं.

“आणि निकाल?”

“काही फरक नाही, अक्का. दोन्ही गटांची पाठ सारखीच चांगली.”

मी सार भुरकायची थांबले. बावीस वर्षांत पहिल्यांदा शिक्षण कार्यक्रम नापास झाला होता. मला थोडा आनंदही झाला, हे कबूल करायला हवं.

“प्राचार्या मॅडम माझ्या गाइड. त्या म्हणतात, सम खाटा काढून टाक.”

“काढून?”

“प्रबंधातून, वॉर्डातून नाही. एकच गट ठेव, आधी आणि नंतर. मग निकाल चांगला दिसतो. शीर्षक बदलायचं, दोन प्रकरणं छाटायची. दोन दिवसांत होतं.”

होतं खरं. मी अनेकदा होताना पाहिलं आहे. खोटा आकडा एकही लिहावा लागत नाही, फक्त खरे असलेले निम्मे लिहायचे नाहीत.

“सम खाटांना कोणी शिकवलं, कळलं का?”

गोमतीने ताटाकडे पाहिलं. “मला ठाऊक होतं. दुसऱ्या आठवड्यापासून. सात नंबरची बाई आठ नंबरच्या माणसाला दाखवत होती, आईला कसं वळवायचं. मी दारात उभी. एक शब्द बोलले असते तर थांबली असती. नाही बोलले. सातवा दिवस आठ नंबरच्या आजीच्या पाठीला कुठे ठाऊक?” मग हळूच म्हणाली, “थांबवायला हवं होतं दाने, अक्का?”

पुस्तकात उत्तर आहे. मी ते दिलं. “नियमाने पाहिलं तर, होय.”

ती “सरी” म्हणाली आणि मला आणखी सार वाढलं. त्याला मघाची चव राहिली नव्हती.

जिन्यापर्यंत सोडायला आली तेव्हा मी म्हणाले, “काय करायचं ते तुझं तू ठरव. मी शुक्रवारी गाडीत बसेन, तू इथेच राहणार आहेस. पण काहीही लिहिण्याआधी उद्या वॉर्डात जाऊन त्यांना विचारू या, कोणी कोणाकडून शिकलं.”

“त्याची वही आहे माझ्याकडे,” ती म्हणाली. “दारात उभी राहिले तेव्हापासूनची. प्राचार्या मॅडमना दाखवली नाही.”

बुधवार, वॉर्ड

वॉर्ड लांबट, दोन्ही बाजूंना खाटा, वर गरगरणारे पंखे. खाटेगणिक एक स्टूल, एक डबा, एक माणूस. आपल्या वॉर्डांत आणि या वॉर्डात फरक एवढाच की इथे प्रत्येक उशाशी मल्लीपूंचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा असतो, आजारी बाईच्या केसांतदेखील.

अभ्यासातले काही रुग्ण अजून तिथे होते. सात नंबरच्या शेजारी सेल्वी, तिशीची, नवऱ्याची सेवा करणारी. तिला शिकवलेलं. आठ नंबरला एक आजी आणि तिचा मुलगा मुरुगन. तो इरुंगाट्टुकोट्टैच्या औद्योगिक वसाहतीत, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात लाइनवर देखरेख करतो. त्याला न शिकवलेलं.

आणि त्याच्या आईच्या खाटेमागे, भिंतीवर, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पट्टीने आखलेला तक्ता. वेळ: सहा, आठ, दहा. पुढे डावी कूस, उताणी, उजवी कूस. पुढे दोन रकाने, दोन्हींत सह्या, आतापर्यंतचा एकही चौकोन रिकामा नाही.

गोमती दुभाष्या झाली. “हा पुसतो, काही चुकलं आहे का.”

“हे कोणी करायला सांगितलं?”

मुरुगनने सेल्वीकडे बोट केलं. “वळवायला अक्कांनी शिकवलं. तक्ता माझा. आमच्याकडे मशीनला दर शिफ्टला तेल देतात. सही नसेल तर तेल दिलं नाही असं धरतात. तोंडी सांगितलेलं चालत नाही.”

“आणि दुसरी सही?”

“तपासणी,” तो गंभीरपणे म्हणाला. “काम करणाऱ्याने स्वतःचं काम पास करायचं नसतं.” दुसऱ्या रकान्यात सेल्वीच्या सह्या होत्या. वळवून झालं की ती येऊन आजीची पाठ बघते आणि सही करते. दोन वेळा तिने नापास केलं होतं. तिथे लाल फुली होती.

“एकदा चादरीला सुरकुती होती,” सेल्वी म्हणाली. “मी पास करणार नाही म्हटलं. हा माझ्याशी दुपारभर बोलला नाही.”

“सुरकुती अगदी लहान होती,” मुरुगन म्हणाला.

मी सेल्वीला विचारलं, की तिने दुसऱ्यांना का शिकवलं. ती गोंधळली. “सिस्टरने कोणाला सांगू नकोस असं म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तरी सांगितलं असतं. आजी कण्हायला लागल्या की झोप माझी उडते.”

तितक्यात दहा वाजल्याचा गजर मुरुगनच्या फोनवर झाला. आजींना उजव्या कुशीवर घ्यायचं होतं. दोघांनी मिळून ते इतक्या सफाईने केलं, की मी माझ्या विद्यार्थिनींना आठवून खाली पाहिलं. पाठीमागे टेकू म्हणून गुंडाळलेली लुंगी होती, ती सारखी सपाट होत होती. माझ्या पिशवीत सोमवारपासून ती शाल पडून होती. काढली, चौघडी करून गुंडाळली आणि आजींच्या पाठीमागे दिली. फिट बसली. तीन दिवसांत तिला मिळालेलं ते पहिलं काम.

मुरुगनने शालीचा सोनेरी काठ पाहून गोमतीला काहीतरी विचारलं.

“पुसतो, ही परत कधी द्यायची.”

“कधीच नाही म्हणावं.”

आजींची पाठ मी पाहिली. लालसर डागसुद्धा नव्हता. ती पाहताना मला एक बाई आठवली, माझ्याच प्रबंधाच्या वेळची, सहा नंबरच्या खाटेजवळची. मी गोमतीला त्या दिवशी काही बोलले नाही.

दुपारी ती वही घेऊन बसली आणि घरी गेलेल्या सम खाटांच्या नातेवाइकांना फोन लावत राहिली. कोणी शिकवलं? नळावर भेटलेल्या बाईने. डबा वाटून खाताना. नऊ नंबरच्या काकांनी, ते सुटले तेव्हा जाता जाता. संध्याकाळपर्यंत वॉर्डाच्या नकाशावर विषम खाटांकडून सम खाटांकडे इतके बाण झाले होते, की कागदावर खाटा दिसेनात. काही बाण सम खाटांकडून सम खाटांकडेही होते.

“उद्या काय दाखवणार?” मी विचारलं. गुरुवारी, शेवटच्या सत्रात, प्रबंध पूर्ण होत आलेल्या मुलींनी सगळ्यांसमोर मांडणी करायची होती.

“सकाळी बघते,” ती म्हणाली. संगणकात तिने दोन फायली ठेवल्या होत्या. एकीत सम खाटा होत्या, एकीत नव्हत्या.

गुरुवार, सभागृह

तिच्या आधी चौघींची मांडणी झाली. चार शिक्षण कार्यक्रम, चारही यशस्वी, टाळ्या. प्राचार्याबाई पहिल्या रांगेत, हातात पेन.

गोमती उठली. निळी सुती साडी. पहिली स्लाइड आली आणि शीर्षकात दोन गट होते. प्राचार्याबाईंचं पेन थांबलं.

तिने सगळं क्रमाने सांगितलं. आखणी, सम आणि विषम, सातवा दिवस. मग म्हणाली, “दोन गटांत फरक आढळला नाही. माझी परिकल्पना सिद्ध झाली नाही.” सभागृहाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने अपशब्द उच्चारला होता. पुढच्या स्लाइडवर तिच्या वहीतून काढलेले बाण होते. त्यापुढे मुरुगनचा तक्ता, लाल फुल्यांसकट.

“तुम्हाला हे होताना दिसलं होतं?” प्राचार्याबाईंनी माईकशिवाय विचारलं.

“हो, मॅडम. दुसऱ्या आठवड्यात.”

“आणि थांबवलं नाहीत.”

“नाही, मॅडम. ती माझी चूक. प्रबंधात लिहिली आहे.”

प्राचार्याबाई माझ्याकडे वळल्या. “तज्ज्ञ म्हणून आपलं मत सांगा. हा अभ्यास ग्राह्य धरायचा का?”

मी उठले. पुस्तकातलं उत्तर तयार होतं: आखणी सदोष, परंतु दोष प्रामाणिकपणे नोंदवलेला. तेवढं सांगून बसता आलं असतं.

“माझ्या प्रबंधाची आखणी हुबेहूब हीच होती,” मी म्हणाले. “एकच वॉर्ड, एकाआड एक खाटा. माझ्याकडेही पाच नंबरची बाई सहा नंबरच्या बाईला शिकवायला गेली. मी ते पाहिलं आणि तिला परत जागेवर बसवलं. म्हटलं, त्यांना सांगू नका, माझा अभ्यास बिघडेल. ती घाबरून गप्प बसली. सहा नंबरच्या रुग्णाला जखम झाली. ती मी मोजली, आणि ती माझ्या बाजूने मोजली गेली. माझा फरक अत्यंत स्वच्छ आला. गोमतीचा अभ्यास ग्राह्य धरावा, असं माझं मत आहे. माझ्याबद्दल मला सांगता येणार नाही.”

मी बसले. मी ज्या खणात प्राचार्याबाईंना ठेवलं होतं, तिथून आता काय बाहेर येईल याची मी वाट पाहत होते.

त्यांनी चष्मा काढला. “या तक्त्यासाठी त्या माणसाची लेखी संमती आहे?”

“आहे, मॅडम,” गोमती म्हणाली. “त्याने तीन ठिकाणी सही केली आहे. तपासणीची सही सेल्वीची.”

कोणीतरी हसलं. प्राचार्याबाई हसल्या नाहीत. “परिशिष्टात जोडा. बाणांचं वेगळं प्रकरण करा, ते निष्कर्षांत जाईल. सम खाटा राहू देत. शीर्षकाला एक ओळ जोडावी लागेल, त्यावर समितीच्या तीन सह्या लागतात. एक माझी.” त्यांनी घड्याळ पाहिलं. “बाकीचे दोघे जेवायला बसलेत. ते दह्यावर यायच्या आत गाठा.”

गोमती अक्षरशः पळाली.

नंतर व्हरांड्यात त्या माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. “मी दर वर्षी यांचे ढीगभर प्रबंध वाचते,” त्या म्हणाल्या. “सगळे यशस्वी. वॉर्डात उतरले की मात्र पाठी तशाच. मी हिला सम खाटा काढायला सांगितलं कारण मला ती पास व्हायला हवी होती. वीस वर्षं काढली आहेत तिने त्या वॉर्डात.” मग म्हणाल्या, “आणि ही वही तिने मला दाखवली नाही. मी तशी बाई आहे का, जिला दाखवता येत नाही?”

सोमवारी मी तरी काय वेगळं ठरवलं होतं?

समारोपात मला आणखी एक शाल मिळाली. ती सेल्वीसाठी वॉर्डात पोचती केली.

सांगली

शुक्रवारी संध्याकाळी गाडीत असताना फोनवर फोटो आला: प्रबंध दाखल केल्याची पोच, शिक्क्यासकट. खाली रोमन अक्षरांत मराठी संदेश होता: आई पुसते, मेतकूट कसं लागलं. डाळ बरोबर होती दाने?

आठवड्याभराने मी आमच्या ग्रंथालयात गेले आणि माझा प्रबंध मागितला. ग्रंथपालांना तो सापडायला वेळ लागला. कोणी नेलेला नव्हता. लाल रेक्झिनवर धूळ होती, सोनेरी अक्षरं शाबूत. शेवटून तिसऱ्या पानावर ‘अभ्यासाच्या मर्यादा’ हे प्रकरण आहे. तीन ओळींचं. वेळ कमी होता, नमुना लहान होता, एकच रुग्णालय घेतलं.

मी पेन काढलं.

“मॅडम,” ग्रंथपाल म्हणाले, “पुस्तकात लिहायचं नाही, तुम्हीच पाटी लावायला सांगितली होतीत.”

“माझंच आहे,” मी म्हणाले, आणि चौथी ओळ लिहिली: पाच नंबरची बाई सहा नंबरच्या बाईला शिकवायला गेली, मी तिला थांबवलं. खाली सही केली. तिच्यापुढे तपासणीच्या सहीसाठी एक चौकोन आखला आणि तो रिकामा ठेवला.

आता नवीन वर्गाच्या पहिल्या तासाला मी तो प्रबंध आणि मुरुगनच्या तक्त्याचा फोटो शेजारी शेजारी ठेवते आणि मुलींना विचारते, तुमच्या आईला कोणत्या वॉर्डात ठेवाल.